मदत हवी आहे: कूलंट कमी होतंय, पण खाली थेंब नाही

मंडळी, गाडीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आठ-दहा दिवसांत ‘मॅक्स’वरून ‘मिन’च्या खाली जातं. रात्री खाली पुठ्ठा टाकून पाहिला, सकाळी कोरडाच. कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला मात्र गुलाबीसर खपली धरलीय, नखाने खरवडली की भुकटी पडते. होसचे (रबरी नळ्यांचे) क्लिप आवळून झाले. ऑइल स्वच्छ, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, म्हणून हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेल्याची शंका तूर्त बाजूला ठेवलीय. मेकॅनिक म्हणतो, लीक-स्टॉप (गळती बुजवणारं रसायन) ओता. मला पटत नाही, हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) चोंदला तर नवीनच दुखणं. प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणं) करताना दाब कूलंटच्या झाकणावर लिहिलेल्या १.१ बारइतकाच ठेवायचा ना? आणि पंप टायमिंग बेल्टवरच (इंजिनच्या व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्यावरच) चालतो, तर बदलताना बेल्ट, टेन्शनरही (बेल्ट ताणून धरणारा भाग) सोबतच उरकून घ्यावं का?