समुद्रकाठची हवा स्वच्छच असते असं नाही

समुद्र जवळ आहे म्हणजे हवा आपोआप साफ राहते असं बरेच जण म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्रावरून आत येतो आणि रात्री जमीन लवकर गार झाली की तो उलटा समुद्राकडे वाहतो, आता होतं काय की रात्री समुद्रावर गेलेला धूर बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्याबरोबर परत गावात येतो, आणि पाठीमागे डोंगर असतील तर त्याला पुढे सरकायलाही वाव नाही. लॉस एंजेलिसचं स्मॉग, म्हणजे धुरकं, यामुळेच एवढं गाजलं, एकीकडे समुद्र, मागे डोंगर आणि वर उबदार हवेचं झाकण.

हिवाळा सगळ्यात वाईट. वारा पडलेला, जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, त्यामुळे पहाटेचा गाड्यांचा धूर वर जातच नाही, ऊन चढल्यावर कुठे तो थर मोडतो. म्हणून घरात दमेकरी किंवा लहान मुलं असतील तर कृपा करून थंडीत भल्या पहाटे फिरायला नेऊ नका, थोडं उशिरा निघा!

पावसाळ्यात जाड धूळ धुऊन जाते, बारीक कण मात्र तेवढे जात नाहीत.

अजून एक, समुद्र खवळलेला असला की हवेत मिठाचे कण वाढतात आणि पीएम १० चा (हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) आकडा फुगतो, तेव्हा पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) वेगळा बघत जा, फुफ्फुसात खोलवर जातो तो हाच.