गावकीने वाळीत टाकलंय, पोलीस तक्रार घेत नाहीत, काय करायचं?

चाकरमानी_डोंबिवली:
नमस्कार. मी डोंबिवलीत, आईबाबा गावी रायगड जिल्ह्यात. दादाने दुसऱ्या जातीत लग्न केलं म्हणून गावकीने, म्हणजे गावच्या पंचमंडळींनी, बैठक घेऊन ५० हजार दंड सांगितला, बाबा म्हणाले कसला दंड, तर घरच वाळीत टाकलं. आमच्याशी जो बोलेल त्यालाही दंड. दुकानात सामान देत नाहीत, गिरणीवाल्याने आईचं दळण तसंच परत पाठवलं, शिमग्यात पालखी आमचं दार टाळून पुढच्या घरी गेली. बाबा पोलीस ठाण्यात गेले तर साहेब म्हणतात गावातलं गावात मिटवा, फारतर एनसी (अदखलपात्र म्हणून नुसती नोंद) घेतो. वकिलाची फी झेपणार नाही. प्लीज सांगा.

अ‍ॅडव्होकेट_ताई:
दंडाचा एक रुपयाही देऊ नका. यासाठी आपल्या राज्यात सामाजिक बहिष्कार बंदीचा वेगळा कायदा आहे, २०१६ चा, ३ जुलै २०१७ पासून लागू. ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे एनसीवर बोळवण चालत नाही, एफआयआरच घ्यावा लागतो. जामीनपात्र आहे त्यामुळे ते लगेच सुटतील, तेव्हा खचू नका. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, कायद्याचं नाव तक्रारीतच लिहा कारण बऱ्याच ठाण्यांत तो माहीतच नसतो. नाहीच घेतली तर तीच तक्रार एसपींना रजिस्टर पोस्टाने, आणि तरी हलले नाहीत तर थेट मॅजिस्ट्रेट कोर्टात. वकील फुकट मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज आईच्या नावाने करा, बायकांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

रत्नांग्रीकर:
आमच्या घरावरपण हीच वेळ आली होती. पुरावा आत्ताच गोळा करा, नंतर सगळे म्हणतात आम्ही कुठे काय बोललो. गावकीची वही असते त्यात ठराव आणि दंड लिहिलेला असतो, तिचा फोटो मिळाला तर फार मोठं काम होतं. गावच्या मुंबईकरांच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे मेसेज डिलीट व्हायच्या आत सेव्ह करा. अंनिसवाल्यांनापण (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) फोन करा, २०१३ पासून त्यांचं जातपंचायत मूठमाती अभियान चालू आहे, आमच्यासोबत ते ठाण्यात बसून राहिले म्हणून तर एफआयआर झाला.

अ‍ॅडव्होकेट_ताई:
एक विचारायचं राहिलं, वहिनी कुठल्या समाजाच्या? एससी किंवा एसटी असतील आणि बहिष्कार घालणारे त्या समाजांबाहेरचे असतील तर अ‍ॅट्रॉसिटीपण लागू शकते, त्यात सामाजिक बहिष्काराचं कलम आहे आणि तपास डीवायएसपी करतात. आणि ठाण्यात परत पाठवलं त्याबद्दल राज्य मानवी हक्क आयोगाकडे वेगळी तक्रार करा, फी नाही, फक्त घटनेपासून १ वर्षाच्या आत.

चाकरमानी_डोंबिवली:
ताई, वहिनी बौद्ध आहे, तिच्याकडे जातीचा दाखलापण आहे. मंडळाच्या ग्रुपवर अध्यक्षांचा व्हॉइस मेसेज आहे "त्यांच्या घरी जाईल त्याचंपण घर बंद", तो सेव्ह केला. सोमवारी रजा टाकून आईबाबा आणि वहिनीला घेऊन अलिबागला जातोय, तक्रारीचा मसुदा रात्री इथे टाकतो, एकदा बघाल का?