मदत हवी आहे: भावाच्या मानेचं ऑपरेशन करायचं की थांबायचं?

वैतागलेला_दादा: भावाचा एमआरआय आला, बॅसिलर इन्व्हॅजिनेशन विथ एएडी (म्हणजे पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सरकलाय म्हणे) लिहिलंय. एक सर्जन म्हणतात लगेच स्क्रू घालू, दुसरे म्हणतात सहा महिन्यांनी बघू. ऑपरेशन न करता किती वर्षं निघतात आणि केल्यावर माणूस पहिल्यासारखा होतो का एवढंच सांगा, उपदेश नकोत.

नुसताच_वाचक: वय? त्रास काय होतोय?

वैतागलेला_दादा: ३४. मान लहानपणापासून आखूडच आहे. चालताना तोल जातो, शर्टची बटणं लावता येत नाहीत, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही.

आबा_सांगलीकर: माझ्या साडूला सेम होतं, स्पाँडिलायटिस. ट्रॅक्शन आणि तेल मालिश, महिन्यात खडखडीत. कापाकापी कशाला?

रेवा_ठाणे: आबा, कृपा करा, हे स्पाँडिलायटिस नाही! दुसऱ्या मणक्याचं टोक वर कवटीत शिरून मज्जारज्जू दाबतंय. दादा, मालिश नको, सलूनमध्ये मान मोडून घेणं तर अजिबात नको. वर्षं कोणी सांगू शकत नाही, बऱ्याच जणांचं हळूहळू बिघडत जातं आणि मग साधं पडायचं निमित्त होऊन एकदम हातपाय जातात. माझ्या मिस्टरांचं फिक्सेशन, म्हणजे स्क्रू घालून मणके बांधणं, झालंय. तोल सुधारला, बोटांचा बधिरपणा राहिला कारण आम्ही उशिरा गेलो. आणि मान निम्मीच वळते, ते कोणी आधी नीट सांगत नाही, गाडी रिव्हर्स घेताना अख्खं वळावं लागतं.

पुणेरी_पाटी: सरसकट स्क्रू कशाला? माझ्या बहिणीचं किआरी होतं (मेंदूचा खालचा भाग मानेत उतरतो ते), कवटीचं मागचं हाड थोडं काढलं, खोकल्यावर उठणारं डोकं थांबलं.

रेवा_ठाणे: तिचा सांधा हलत होता का? इथे एएडी लिहिलंय. १९९४ मध्ये केईएमच्या डॉ. अतुल गोयलांनी पहिल्या दोन मणक्यांना प्लेट-स्क्रूने बांधायची पद्धत छापली, ती आज जगभर वापरतात.

पुणेरी_पाटी: तेच गोयल किआरीतही सांधाच ढिला असतो म्हणतात, ते कितीतरी सर्जनना मान्य नाही. एका माणसाचं ऐकून सगळ्यांची मान बांधायची का?

कोल्हापुरी_रस्सा: महात्मा फुले योजनेत बसतं का बघा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

वैतागलेला_दादा: पैशाचं विचारलंच नव्हतं.

नुसताच_वाचक: भांडण नंतर. मान पुढे वाकवून आणि मागे करून एक्सरे काढले का? मोठ्या माणसात पहिला मणका आणि दुसऱ्याचं टोक यांतलं अंतर ३ मिमीच्या वर गेलं तर सांधा ढिला.

वैतागलेला_दादा: हो, काढलेत की. वाकवल्यावर ७, मागे केल्यावर ३.

नुसताच_वाचक: अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये टाकायचं ना! ७ म्हणजे हलतोय, आणि बटणं लागत नाहीत म्हणजे दाब आहेच. थांबा म्हणणाऱ्यांना हे आकडे दाखवले का? ऑपरेशनचा मुख्य हेतू आणखी बिघडू नये हा, गेलेलं किती परत येईल ते आधी किती गेलंय त्यावर. सिरिंक्स आहे का?

आबा_सांगलीकर: निदान गळ्यात पट्टा तरी घालू दे पोराला.

रेवा_ठाणे: पट्टा चालेल आबा, ट्रॅक्शन घरी नको.

वैतागलेला_दादा: सिरिंक्स म्हणजे? हा शब्द रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर आहे.

नुसताच_वाचक: मज्जारज्जूच्या आत पाणी साचून झालेली पोकळी. पण दुसरं पानही आहे?? टाका आधी ते. नाव झाकून.