मदत हवी आहे: निवृत्तीनंतर थायलंडमध्येच राहावं की परतावं? (व्हिसा, टॅक्स, आरोग्यविमा)

नमस्कार मंडळी,

मी ६८ वर्षांचा, सौ. ६४. थायलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका शहरात राहतो. नोकरी इथल्याच एका कारखान्यात होती. वर्क परमिट संपलं तेव्हा परत जायचं का, यावर घरात फारशी चर्चा झालीच नाही. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला निवृत्तीच्या कारणावर एकेक वर्षाची मुदतवाढ मिळते, ती घेतली आणि राहिलो. मुलगी कॅनडात असते. तिच्याकडे कायमचं जायचं नाही हे दोन्ही बाजूंनी ठरलेलं आहे. भारतात एक फ्लॅट आहे, भाड्याने दिलेला.

आता दरवर्षी मुदतवाढीचा महिना आला की घरात तोच विषय निघतो आणि तसाच अर्धवट सुटतो. म्हणून हा धागा.

इथली पद्धत माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. स्वतःच्या नावावर थाई बँकेत ८ लाख बाट ठेवायचे, म्हणजे वीस लाख रुपयांच्या बरेच वर. किंवा महिन्याला ६५,००० बाटचं उत्पन्न दाखवायचं. पूर्वी हे पैसे अर्जाआधीचे दोन-तीन महिने खात्यात दिसले की काम भागायचं, एरवी काढा नाहीतर ठेवा. मार्च २०१९ पासून ते गेलं. आता अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने ८ लाखांना हात लावायचा नाही, उरलेल्या काळातही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. म्हणजे कागदोपत्री पैसे तुमचे, पण अडीअडचणीला निम्मेच तुमचे. शिवाय दर ९० दिवसांनी इमिग्रेशन ऑफिसला पत्ता कळवायचा. विसरलात तर २,००० बाट दंड. देशाबाहेर जायचं तर आधी री-एंट्री परमिट घ्यायचं, नाहीतर विमान सुटलं की मुदतवाढ रद्द.

मुदतवाढीच्या दिवसाचं सांगतो. सकाळी बँक उघडायच्या आधी दारात उभं राहायचं. शंभर बाट खात्यात भरायचे, कारण पासबुकात त्याच तारखेची नोंद छापलेली लागते. बँकेचं पत्र घ्यायचं. मग मुदतवाढीच्या अर्जाचा टीएम-७ फॉर्म, ४ बाय ६ चा फोटो, पासपोर्टच्या प्रत्येक शिक्क्याची झेरॉक्स, प्रत्येक झेरॉक्सवर सही आणि घराचा हाताने काढलेला नकाशा. हो, हाताने! मी आयुष्यभर ड्रॉइंग वाचण्यात घालवलं, त्यामुळे माझा नकाशा इमिग्रेशनच्या काउंटरवर कौतुकाचा विषय असतो. पण यंदा नवीन बाईंनी गेल्या वर्षी न मागितलेला कागद मागितला आणि दुपार त्यात गेली. काम झालं, प्रश्न तो नाही. ७८ व्या वर्षी मी हे करू शकेन का, हा आहे.

त्यात टॅक्स. वर्षात १८० दिवस इथे राहिलं की इथले करनिवासी. २०२४ पासून बाहेरून आणलेलं उत्पन्न, मग ते कुठल्याही वर्षी आणा, करपात्र झालं. आधी, कमावलं त्या वर्षी न आणता पुढच्या वर्षी आणलं की सुटका होती.

आणि विमा. माझी अँजिओप्लास्टी झालेली आहे. इथली पॉलिसी हृदय सोडून बाकी सगळ्याला आहे, आणि मला जे काही होईल ते हृदयालाच होईल असं डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून वाटतं.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग या की परत. मी तयार आहे. सौ. नाही. ती इथे स्वतः गाडी चालवते, बाजारात थाई भाषेत घासाघीस करते, रोज सकाळी समुद्रावर चालते, तिच्या चार मैत्रिणी चार देशांच्या आहेत. तिचं म्हणणं, "तुम्हाला कागदांचा कंटाळा आलाय, देशाचा नाही. कागद मी करते." यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तर ज्यांनी हा निर्णय घेतलाय, इकडे किंवा तिकडे, त्यांनी कृपया लिहावं. टॅक्सचं खरंच किती मनावर घ्यायचं? हृदयाचं दुखणं असलेल्या माणसाला या वयात भारतात विमा मिळतो का? आणि परतल्यावर बँकखात्यांचं काय करावं लागतं? "मायभूमी ती मायभूमी" असे प्रतिसाद प्रेमाने दिलेत तरी उपयोग होणार नाही. :)

---

आकडेमोड:

टॅक्सचं फार मनावर घेऊ नका, पण कागद नीट ठेवा. १ जानेवारी २०२४ च्या आधी मिळवलेलं उत्पन्न नंतर आणलं तरी त्यावर कर नाही. म्हणून ३१ डिसेंबर २०२३ ची शिल्लक दाखवणारी सगळ्या खात्यांची स्टेटमेंट काढून ठेवा आणि आधी तेच पैसे आणा. नवीन कमाई वेगळ्या खात्यात जाऊ दे, एकत्र झाली की सिद्ध करणं कठीण. शिवाय ६५ वर्षांवरच्या करनिवासींना १,९०,००० बाटची वेगळी सूट आहे आणि त्यानंतरच्या पहिल्या दीड लाखावर दर शून्य. भारत-थायलंड दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहेच, त्यामुळे फ्लॅटच्या भाड्यावर भारतात भरलेला कर थाई करातून वजा दाखवता येतो.

परतायचं ठरलं तर: कायमचं राहायला आलात की फेमाच्या (भारताचा परकीय चलन कायदा) दृष्टीने लगेच निवासी. बँकेला कळवून एनआरओ खातं (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं) साधं करून घ्यायचं, एनआरई (बाहेरून आणलेल्या पैशांचं) असेल तर तेही. एनआरईच्या व्याजाची करमाफी तिथे संपते. एफसीएनआर, म्हणजे परकीय चलनातली ठेव, मुदतीपर्यंत चालू राहते. आयकरात मात्र तुम्ही पहिली दोन-तीन वर्षं 'निवासी पण सामान्यतः निवासी नसलेले' गटात बसाल, तोवर परदेशातल्या उत्पन्नावर भारतात कर नाही. थाई खात्यातले पैसे घाईने आणायची सक्ती नाही, अनिवासी असताना मिळवलेली मालमत्ता बाहेर ठेवता येते.

---

निवांत_सत्तरी:

थायलंडचा तो दहा वर्षांचा एलटीआर (दीर्घकालीन निवास) व्हिसा का घेत नाही? ९० दिवसांची कटकट नाही, वर्षातून एकदाच कळवायचं. बाहेरच्या उत्पन्नावर करमाफीही आहे.

धागाकर्ता:

वर्षाला ८०,००० डॉलर निष्क्रिय उत्पन्न मागतात. ४०,००० वर भागवायचं तर अडीच लाख डॉलर इथे गुंतवायचे. तेवढं असतं तर हा धागा "कोणती बोट घेऊ" असा निघाला असता.

---

परतलेला_पक्षी:

विम्याचं सांगतो, कारण मी त्यातूनच गेलोय. १ एप्रिल २०२४ पासून भारतात आरोग्यविम्याला ६५ ची वयोमर्यादा राहिलेली नाही. याचा अर्थ कंपनी तुम्हाला घेईलच असा नाही, प्रीमियम तर जास्त असणारच. पण आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं. यातली मेख अशी की अनिवासी असतानाही भारतीय पॉलिसी घेता येते, उपचार भारतात घ्यायचे एवढंच. म्हणजे ती तीन वर्षं तुम्ही थायलंडमध्ये बसूनही मोजली जातात. परतायचं ठरो वा न ठरो, पॉलिसी आजच घ्या. ७१ व्या वर्षी परतलात तर विमा तयार असेल. ७१ व्या वर्षी परतून मग घेतलात तर ७४ पर्यंत देवावर हवाला.

अँजिओप्लास्टी मात्र लपवू नका. एजंट म्हणेल "काका, लिहायची गरज नाही". लिहाच. त्याचं कमिशन आज, तुमचा क्लेम नंतर. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तेवढाच दिलासा. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान भारतमध्ये ५ लाखांचं कवच आहे, पण रुग्णालय त्या योजनेत आहे का ते आधी बघा.

---

समुद्रकाठची:

काका, टॅक्स आणि विमा ठीक आहे, पण एक विचारू? काकूंची मुदतवाढ कशावर आहे? तुमच्यावर अवलंबून म्हणून ना?

धागाकर्ता:

हो. लग्नाचा दाखला वकिलातीतून आणि इथल्या परराष्ट्र खात्यातून साक्षांकित करून लावला आहे. त्यामुळे तिच्या नावावर वेगळे ८ लाख लागत नाहीत.

समुद्रकाठची:

मग धाग्याचा प्रश्नच चुकतोय असं मला वाटतं. स्पष्ट लिहिते, रागावू नका. तुम्ही गेलात तर त्यांच्या मुदतवाढीचा आधारच जातो. स्वतःच्या नावावर राहायचं तर त्यांना ८ लाख स्वतःच्या खात्यात दाखवावे लागतील. तुमचे ८ लाख तुमच्या एकट्याच्या खात्यात आहेत, कारण नियमच तसा. बँकेला मृत्यू कळला की खातं गोठतं आणि कोर्टाने वारसा-व्यवस्थापक नेमल्याशिवाय उघडत नाही. त्याला महिने लागतात.

आमच्या ओळखीच्या एका आजींचं हेच झालं. दिवसकार्य उरकून त्या बँकेत गेल्या, तर नवऱ्याच्या खात्यातले पैसे पासबुकात दिसत होते आणि त्यातला एक बाट काढता येत नव्हता. इकडे व्हिसाची तारीख जवळ येत होती. मुलाने बाहेरून पैसे पाठवले म्हणून निभावलं. मृत्युपत्र भारतातलं होतं, मराठीत. त्याचं भाषांतर, साक्षांकन, सगळं त्या वयात एकटीने.

"कागद मी करते" असं काकू म्हणतात ते उत्तमच. पण आत्ता कागदावर त्या तुमच्या सोबतच्या आहेत, स्वतंत्र नाहीत. त्यांना इथे राहायचं असेल तर व्हिसा त्यांच्या नावावर हवा. त्या ६४ च्या आहेत, पन्नाशीची अट केव्हाच पूर्ण.

---

कागदकुटे:

वरच्या प्रतिसादाला +१. थाई मालमत्तेपुरतं वेगळं थाई मृत्युपत्र करा, व्यवस्थापक म्हणून काकूंचं नाव घाला. कोर्टात जाणं चुकत नाही, पण वाद आणि वेळ वाचतो. भारतातल्या मृत्युपत्रात "आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द" असं सरसकट वाक्य नाही ना, तेही बघा. नंतर केलेलं एक दुसऱ्याला खाऊन टाकतं.

आणि इथले जे वाचक अजून थायलंडमध्ये नोकरीत आहेत त्यांच्यासाठी: कायम निवासाचा अर्ज वर्क परमिट चालू असतानाच करता येईल असा आहे. एका देशाच्या १०० जणांनाच वर्षाला मिळतो. काकांच्या कामाचं नाही, तुमच्या आहे.

---

दोन_घरांचा:

सगळे "राहा" की "परता" असंच का बोलताय? मल्टिपल री-एंट्री परमिट ३,८०० बाटला मिळतं. मुदतवाढ जिवंत ठेवून अर्धं वर्ष भारतात काढा. ९० दिवसांची मोजणी दर वेळी परत आलात की नव्याने सुरू होते. थायलंडमध्ये १८० दिवसांच्या आत राहिलात तर तिथला निवासी-कर नाही. भारतात १८२ च्या आत राहिलात आणि भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर नसेल तर इथेही अनिवासीच. बेरीज केलीत तर वर्षाला थोडे दिवस उरतात, ते मुलीकडे घालवा. फक्त थायलंडचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि भारताचं एप्रिलमध्ये, त्यामुळे दोन कॅलेंडरं ठेवा. आणि भाडेकरूला काढायला लागेल, फ्लॅट असून हॉटेलात राहण्यात अर्थ नाही.

परतलेला_पक्षी:

हे साठीत झकास. पंचाहत्तरीत वर्षाला दोनदा बॅगा भरणं जमत नाही हो. आणि दोन घरांत गेलेली वस्तू नेहमी दुसऱ्या घरात असते.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. समुद्रकाठची, रागावण्याचा प्रश्नच नाही. तुमचा प्रतिसाद सौ.ला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "अहो, म्हणजे मी इथे तुमचं सामान म्हणून राहतेय." आणि दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन स्वतःचं खातं उघडायच्या मागे लागली. नुसतं खातं उघडायलाही हल्ली परदेशी माणसाला भरपूर प्रश्न विचारतात. शेवटी तिच्या थाई बोलण्यामुळे काम झालं, माझा काही उपयोग झाला नाही.

आता आमचा हिशोब असा. दोघांचे वेगवेगळे ८ लाख म्हणजे १६ लाख बाट इथे अडकणार. एवढी रक्कम अडकवूनही राहायचंय का, हा प्रश्न प्रथमच नीट आकड्यात समोर आला. तिचं उत्तर सध्या "हो" आहे. माझं "बघू" आहे. भारतातल्या विम्यासाठी दोन ठिकाणी अर्ज टाकला, अँजिओप्लास्टी लिहून. एकाने वैद्यकीय तपासणी सांगितली आहे, दुसऱ्याचं उत्तर नाही. दोन घरांचा पर्याय भाडेकरूचा करार संपेपर्यंत बाजूला.

एकच विचारायचं राहिलं. अवलंबित म्हणून असलेली मुदतवाढ बदलून तिला स्वतःच्या नावावर निवृत्तीची घ्यायची, हे कुणी देशाबाहेर न जाता केलंय का? आणि तिच्या खात्यात पैसे मी माझ्या थाई खात्यातून वळवले तर चालतात, की बाहेरून आलेले दाखवा म्हणतात? ऑफिसागणिक उत्तर बदलतं हे माहीत आहे, म्हणूनच ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कोणता कागद मागितला तेवढं लिहावं. तिची तारीख पावसाळ्याच्या शेवटी आहे.