मदत हवी आहे: चीट कोडने पैसे धड वाढले नाहीत, वर प्रतिस्पर्ध्याचं नाव बदललं

रिकामटेकडा मामा

मंडळी, धागा थोडा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला काही कळायचं नाही.

भाचा सध्या माझ्या जुन्या गेम बॉय कलरवर पोकेमॉन यलो खेळतोय. पोकेबॉल घ्यायला त्याला पैसे पुरेनात, म्हणून मी मोठ्या फुशारकीने कपाटातून गेमशार्क काढलं. (ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: कन्सोल आणि कार्ट्रिज यांच्या मध्ये बसवायचं यंत्र. कोड टाकला की खेळाच्या मेमरीत आपल्याला हवा तो आकडा जाऊन बसतो.) सोबत माझी शाळेतली वहीही सापडली. तिच्यात "पोकेमॉन, अमर्याद पैसे" एवढंच लिहून खाली तीन कोड होते. डी म्हणजे इंग्रजी डी:

०१९९४७डी३
०१९९४८डी३
०१९९४९डी३

तिन्ही टाकले. पैसे ९,९९,९९९ व्हायला हवे होते, ते झाले ९,९९९. आधी ३,२०० होते. कितीही खर्च करा, परत ९,९९९. म्हणजे कोड चालत होता, पण अर्धामुर्धा. तेवढ्यावरही आम्ही खूश होतो.

भाच्याने गेम सेव्ह केला आणि पुढे खेळत खेळातल्या सेरुलियन शहराच्या पुलापाशी पोचला. तिथे प्रतिस्पर्धी आडवा आला. सुरुवातीला भाच्याने त्याला वर्गातल्या मित्राचं नाव दिलं होतं, राजू. इंग्रजीत आर, ए, जे, यू. पडद्यावर मात्र झेड, ए, जे, यू. झाजू!

घाबरून यंत्र काढलं आणि नुसतं कार्ट्रिज लावलं. पैसे आता नीट खर्च होतात, पण झाजू काही हलत नाही. कार्ट्रिज कामातून गेलं का? की वहीत मीच चुकीचं उतरवलंय? "नव्याने सुरू करा" हा सल्ला कृपया देऊ नका, भाचा आधीच माझ्याशी मोजकंच बोलतोय.

फुंकरमारे

कार्ट्रिजचे कॉन्टॅक्ट काळे पडले असतील. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि पूर्ण वाळल्यावर लावा. माझ्या अनुभवात दहातले नऊ आजार याने बरे होतात.

रिकामटेकडा मामा

पुसले. झाजू आता जास्त स्पष्ट दिसतो.

जुना खेळाडू

यंत्राच्या नादी लागायचंच कशाला? आमच्या वेळी बटणांचे कोड असायचे. वर वर खाली खाली डावीकडे उजवीकडे डावीकडे उजवीकडे बी ए, की कॉन्ट्रात ३० लाइफ! सॉनिक २ मध्ये साउंड टेस्टला जाऊन १९, ६५, ९, १७ ही गाणी ओळीने वाजवली की हवी ती लेव्हल निवडता यायची. ती सॉनिकचे प्रोग्रामर युजी नाका यांची जन्मतारीख, १७ सप्टेंबर १९६५.

बाईटबाई

जुना खेळाडू, ते कोड खेळ बनवणाऱ्यांनीच आत ठेवलेले असतात. तुमचा वर वर खाली खाली म्हणजे कोनामी कंपनीचा कोड, १९८६ च्या ग्रेडियस खेळातला. काझुहिसा हाशिमोतो यांना तो खेळ तपासताना स्वतःलाच जड जात होता, म्हणून त्यांनी तो घातला. आतल्या दारातून जाण्यासारखं आहे ते. गेमशार्क खिडकी फोडून आत येतं, आणि खिडकी कोणाची हे विचारत नाही.

मामा, तुमचं कार्ट्रिज ठणठणीत आहे आणि वहीतले कोडही बरोबर आहेत. फक्त ते पोकेमॉन रेड आणि ब्लू या यलोच्या आधीच्या आवृत्त्यांचे आहेत.

एक कोड उलगडून बघू. ०१-९९-४७-डी३. पहिले दोन अंक कोडचा प्रकार सांगतात, त्यांना हात लावायचा नाही. पुढचे दोन म्हणजे लिहायची किंमत. शेवटचे चार हा मेमरीतला पत्ता, पण दोन-दोनच्या जोड्या उलटवून लिहिलेला, म्हणजे खरा पत्ता डी३४७. यंत्र सेकंदाला साधारण ६० वेळा त्या पत्त्यावर ९९ लिहीत राहतं. खर्च केलेले पैसे लगेच परत येतात ते त्यामुळे.

रेडमध्ये पैसे डी३४७, डी३४८ आणि डी३४९ या तीन बाईटमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तीन घरांत असतात. दर बाईटमध्ये दोन अंक, तिन्हीत ९९ घातलं की ९,९९,९९९. प्रतिस्पर्ध्याचं नाव लगेच त्यापुढे, डी३४ए पासून. (हे हेक्स आकडे, म्हणजे ९ नंतर १० न येता आधी ए ते एफ येतात.) यलोमध्ये हा सगळा भाग एक घर मागे सरकलाय. पैसे डी३४६ ते डी३४८ आणि नाव डी३४९ पासून.

आता तुमचं गणित मांडा. ३,२०० म्हणजे ००, ३२, ००. पहिल्या घराला कोड लागलाच नाही, पुढची दोन ९९ झाली. ००, ९९, ९९. हे तुमचे ९,९९९. तिसरा कोड पैशांचं घर ओलांडून शेजाऱ्याकडे गेला आणि राजूच्या पहिल्या अक्षरावर ९९ लिहून आला. या खेळात अक्षरांनाही आकडे आहेत. ए म्हणजे ८०, बी ८१, असं हेक्समध्ये मोजत गेलात की शेवटचं अक्षर बरोबर ९९ वर येतं. झेड! वहीत ९९ ऐवजी अक्षरात न बसणारा आकडा असता तर तिथे कचरा दिसला असता. झाजू निदान वाचता तरी येतो.

यंत्र काढल्यावर पैसे सुटले, कारण लिहिणारं कोणी उरलं नाही. नाव मात्र सेव्ह करताना बॅटरीवरच्या मेमरीत गेलं.

ज्या दाराने चूक आत गेली त्याच दाराने बाहेर काढू. आरचा आकडा ९१. यंत्र लावा, जुने तिन्ही कोड बंद करा आणि एकच टाका:

०१९१४९डी३

गेम लोड करा, एकदा सेव्ह करा, बंद करा, यंत्र काढा. आणि पैसे खरंच हवे असतील तर यलोचे कोड ४६, ४७ आणि ४८ वाले.

फुंकरमारे

दहातला दहावा निघाला म्हणायचा. बाई, गेम जिनी या दुसऱ्या चीट यंत्रातही असा घोळ होतो का? माझ्याकडे ते आहे. त्यात आकडे नाहीत, नुसती अक्षरं.

बाईटबाई

निन्टेन्डोच्या एनईएस कन्सोलचं ना? ती १६ अक्षरं म्हणजे वेषांतर केलेले हेक्स आकडेच. पण त्याचं काम वेगळं. खेळ कार्ट्रिजमधून सूचना वाचत असताना ते मध्येच एखादा बाईट बदलून पुढे देतं, मूळ चिपला धक्काही लागत नाही. त्यामुळे शेजारच्या घरात असं थेट लिहिणं होत नाही. अर्थात बिघडलेल्या सूचनांनी खेळाने स्वतःच काही भलतं सेव्ह केलं तर ते राहणारच. मूळ काही बदलत नाही हा मुद्दा कोर्टातही गाजला होता. निन्टेन्डो आणि विक्रेती गालूब कंपनी अमेरिकेत कोर्टात भिडल्या आणि १९९२ मध्ये अपिलातही गालूबच जिंकली.

रिकामटेकडा मामा

बाई, तुमचे पाय कुठे आहेत! कोड टाकला, सेव्ह केलं, यंत्र काढून परत लावून बघितलं. आर, ए, जे, यू.

पण नवीनच अडचण. भाच्याला झाजू परत हवाय. शाळेत सांगून झालंय म्हणे. शिवाय नाव वाढवून "झाजूबा" करायचंय. नवी अक्षरं ४डी डी३ पासून पुढे येतील का?

बाईटबाई

बरोबर मोजलंत. झेड ४९ वर, ए ४ए वर, जे ४बी, यू ४सी. मग बी म्हणजे ८१ हे ४डी वर, ए म्हणजे ८० हे ४ई वर. आणि शेवटी ४एफ वर ५० लिहायला विसरू नका. नाव संपलं हे खेळाला त्या ५० वरून कळतं. ते नसेल तर पुढचं जे काही मेमरीत असेल तेही तो नाव समजून वाचत सुटेल. सात अक्षरांच्या पुढे मात्र भाच्याला जाऊ देऊ नका.