मुलगी नेव्हीत ऑफिसर व्हायचं म्हणतीय, पहिल्या एसएसबीतून परत आलीय, आम्ही घरच्यांनी काय करायचं?

उद्यमनगरची_आई

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आमची थोरली मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, इथंच कोल्हापुरात. फर्स्ट इयरपासून एनसीसीत, सी सर्टिफिकेट झालं बी ग्रेडनं. माझं माहेर सैनिक टाकळी, त्यामुळं फौज म्हणजे काय हे लहानपणापासून बघितलंय, मामा, चुलते, चुलतभाऊ, सगळे बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झालेले. पण ही म्हणते नेव्ही, आणि तेही ऑफिसर. आमच्या अख्ख्या भावकीत समुद्रावर नोकरी केलेलं माणूस नाही हो, विचारायचं कुणाला?

तिनं शॉर्ट सर्व्हिसचा, म्हणजे ठरावीक वर्षांच्या ऑफिसरच्या नोकरीचा, फॉर्म भरला होता, त्याला लेखी परीक्षा नसते, इंजिनिअरिंगच्या मार्कांवर बोलावतात. भोपाळला एसएसबीचं, म्हणजे ऑफिसर निवडायच्या पाच दिवसांच्या मुलाखतीचं, बोलावणं आलं. घरात आनंदी आनंद, सासूबाईंनी अंबाबाईला ओटी भरली. पहिल्याच दिवशी दुपारी फोन आला, आई मी स्क्रीन आऊट झाले, म्हणजे पहिल्याच चाळणीत बाद, निघतेय. परतीच्या सगळ्या प्रवासात जेवलीस का, हो, एवढंच बोलणं. घरी आली, बॅग धुतली, झोपली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला उठून परत विद्यापीठात पळायला गेली. मला कळेना की हे चांगलं लक्षण आहे का आतल्या आत कुढतीय.

मिस्टरांचं शिरोलीला जॉबवर्क आहे फाउंड्रीचं. ते म्हणतात पुण्याच्या कंपनीची ऑफर हातात आहे ती घे आणि हा नाद सोड. रागानं नाही म्हणत, मला माहिताय, त्यांना भीती वाटते. सासूबाईंचं एकच, पोरीची जात, समुद्रावर कशाला. मी मधे अडकलेय. पुढच्या बॅचचा फॉर्म ती भरणारच आहे. तिच्याशी काय बोलायचं, काय नाही बोलायचं? एक क्लासवाले एसएसबीचे बरेच पैसे सांगतायत, भरावेत का? तिला चष्मा आहे, सव्वाचा नंबर, तो चालतो का? आणि तिला पोहता येत नाही, नेव्हीत जायचं आणि पोहता येत नाही, हे ऐकून सगळे हसतात तिला.

जुना_नाविक

ताई, पयल्यांदा पोहण्याचं सांगतो. हसणाऱ्यांना हसू द्या. मी नेव्हीत सेलर होतो, चिल्काला ट्रेनिंग, मग लोणावळ्याला आयएनएस शिवाजी, पुढं जहाजावर इंजिनरूम. आमच्या बॅचला अर्धी पोरं राजस्थान, हरियाणाची, विहीरसुद्धा न बघितलेली, सगळी पोहायला शिकली. अकॅडमीत शिकवतात. पण आधीच शिकून गेली तर तिथं पहाटे उठून वेगळं पोहायला जायचा एक ताप कमी होईल. रंकाळ्याजवळ अंबाई टँक आहे, घाला तिला तिथं. अहो वीरधवल खाडे आपल्या कोल्हापूरचा, ऑलिम्पिकला गेला २००८ ला, इथल्या पाण्यात काय कमी न्हाई.

आता साहेबांच्या भीतीचं. माझी आई पण असंच म्हणायची. समुद्राची भीती खरी असती ताई, खोटं सांगणार न्हाई. पहिल्यांदा बोट लागते तेव्हा माणसाला वाटतं आपण मेलो, उलट्या करून करून पोटात काय राहत न्हाई, आणि त्याच अवस्थेत वॉच, म्हणजे पाळीची ड्यूटी, करायची असते. दोन-तीन सेलिंगमधे शरीर सरावतं. जहाज बाहेर असलं की घरी फोन लागत न्हाई, सण चुकतात, माझ्या थोरल्याच्या बारशाला मी नव्हतो. हे सगळं त्यांना आत्ताच सांगा, लपवू नका. आणि हे पण सांगा की मुलगी मेकॅनिकलची आहे, इंजिनिअरिंग ब्रांचला गेली तर तिचं पुढचं शिक्षण लोणावळ्याला आयएनएस शिवाजीतच होणार, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं पुणं गाठलं की लोकलनं लोणावळा. फाउंड्रीवाल्या माणसाला इंजिन, टर्बाइन, पंप हे कळतं की. त्यांना बोलू द्या तिच्याशी त्या विषयावर, समुद्रावर नको.

आईचं_मन_कन्नूरला

तुमची पोस्ट वाचून माझेच दिवस आठवले. माझा मुलगा एझिमलाला, केरळात नेव्हीच्या अकॅडमीत आहे, बारावीनंतरच्या बी.टेक. कॅडेट एंट्रीतून गेला, जेईई मेन्सच्या रँकवर बोलावतात त्यातून. ती एंट्री आता मुलींनाही खुली आहे, तुमच्या धाकट्या कुणाला सांगायचं तर सांगते, बारावीला फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्सला ७० टक्के लागतात, चार वर्षांचा खर्च सगळा नेव्ही करते. असो, तुमच्या लेकीचा रस्ता वेगळा आहे पण आईचा रस्ता तोच.

मी केलेली चूक सांगते. तो पहिल्या टर्मला फोन करायचा, आठवड्यातून थोडाच वेळ मिळायचा, आणि मी त्या दहा मिनिटांत रडायचे. वजन उतरलंय का रे, झोप मिळते का रे, नको वाटत असेल तर ये परत. एक दिवस तो म्हणाला आई, तू रडलीस की माझे पुढचे दोन दिवस वाईट जातात. त्या दिवसापासून मी फोनच्या आधी कागदावर लिहून ठेवायला लागले काय बोलायचं ते. गल्लीत गणपती कसा बसला, आजी काय म्हणाली, कुत्रीला किती पिल्लं झाली. त्याला घर चालू आहे हे ऐकायचं असतं. तिथं फिजिकल टेस्ट निघाली नाही तर टर्म मागं टाकतात, रेलिगेशन म्हणतात त्याला, माझ्या मुलाच्या मित्राचं झालं, पोरगं खचलं होतं पण घरच्यांनी एक शब्द नाही काढला, पुढच्या टर्मला निघाला तो.

आणि तुम्ही लिहिलंय ना, दुसऱ्या दिवशी पहाटे पळायला गेली. ताई, तिचं काय चाललंय ते तिनं पळून सांगितलंय तुम्हाला. तुम्ही फक्त त्या वेळेला उठून चहा ठेवा. बोलली तर बोलली.

एझिमलाला जायचं झालं तर रत्नागिरी किंवा मडगाव गाठायचं आणि कोकण रेल्वेची गाडी धरून पय्यनूरला उतरायचं, आम्ही आंबा घाटातून रत्नागिरीला जातो. पासिंग आऊटला आईवडलांनी खांद्यावर पट्टी लावायची असते. मी अजून लावलेली नाहीये, वाट बघतेय.

दोनदा_कॉन्फरन्स_आऊट

काकू मी दोनदा एसएसबी दिलीय, दोन्ही वेळा पाच दिवस राहून शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स आऊट, म्हणजे शेवटच्या बैठकीत बाद. आता पुण्यात नोकरी करतो, वयात बसतोय तोवर अजून देणार. आधी हे समजून घ्या की स्क्रीनिंग म्हणजे काय. पहिल्या दिवशी एक बुद्धिमत्तेची टेस्ट आणि मग एक धूसर चित्र दाखवतात ३० सेकंद, त्यावर ४ मिनिटांत गोष्ट लिहायची, मग ग्रुपमधे ती सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. पंधरा-एक जण एकदम बोलत असतात, मासळी बाजार होतो. त्यात गावाकडची मराठी मीडियमची पोरं गप्प बसतात आणि दुपारी परत निघतात. हुशारी कमी असते असं नाही, त्या गोंगाटात आपलं वाक्य मधे टाकायची सवय नसते. किती वेळा द्यायची याला मर्यादा नाही, वय संपेपर्यंत देता येते, एकदा स्क्रीन आऊट झालं म्हणजे काही शिक्का बसत नाही.

क्लासचं म्हणाल तर मी एका क्लासला भरपूर फी भरली, त्यांनी पाठ केलेल्या गोष्टी दिल्या, आणि पुढं सायकॉलॉजीच्या टेस्टला ६० शब्द येतात, एकेका शब्दाला १५ सेकंद, तिथं पाठ केलेलं काही कामाला येत नाही, उलट सगळं खोटं दिसतं. त्यापेक्षा तिला रोज घरी अर्धा तास कुणीतरी बोलायला द्या. पेपरमधली एक बातमी घ्यायची, तिनं एक बाजू, तुम्ही दुसरी. मराठीतून सुरू करा, मग इंग्रजी. काकांना बसवा समोर, ते विरोधात आहेतच तर विरोधी पक्ष चांगला करतील.

घरच्यांनी काय करू नये ते सांगतो. माझ्या वडिलांनी मी जायच्या आधी अख्ख्या तालमीला सांगितलं होतं की पोरगं ऑफिसर होऊन येतंय. परत आलो तर स्टँडपासून घरापर्यंत आठ जणांनी विचारलं काय झालं. दुसऱ्या वेळेला मी घरी सोडून कुणालाच सांगितलं नाही. आणि पाच दिवस फोन जमा असतो, लागला नाही तर घाबरू नका, लागला नाही म्हणजे ती अजून आत आहे.

पॉइंटाचं_बोला

क्लासच्या फीआधी हे वाचा. नाशिकरोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं एसएसबीचा कोर्स फुकट असतो, राहणं-जेवणासकट, मुलामुलींना दोघांना. सी सर्टिफिकेट ए किंवा बी ग्रेड असेल आणि एनसीसीच्या ग्रुप हेडक्वार्टरनं शिफारस केली तर घेतात, एसएसबीचं कॉल लेटर असेल तरी बघतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मुलाखत होते. शिवाय सी सर्टिफिकेटवाल्यांना शॉर्ट सर्व्हिसच्या शॉर्टलिस्टला कटऑफमधे ५ टक्के सूट असते, फॉर्ममधे ते भरलंय ना बघा.

चष्म्याचं, प्रत्येक ब्रांचचा निकष वेगळा, जाहिरातीत लिहिलेला असतो, तो नेऊन डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा. कुणी सांगितलं म्हणून घाईनं लेझर ऑपरेशन करू नका, त्यालाही वयाची आणि किती महिने झाले याची अट असते. रंग ओळखायची टेस्ट आत्ताच करून घ्या. दात, कान, नाक, सपाट तळवे, वजन, हे पण. मिलिटरी हॉस्पिटलला अनफिट दिलं तर ४२ दिवसांत अपील करता येतं, पण जे आधी दुरुस्त होतं ते आधी करा.

शाहूपुरीकर

सगळे कौतुक करतायत, एक प्रश्न मी विचारतो, वाईट वाटून घेऊ नये. शॉर्ट सर्व्हिस वाढून वाढून १४ वर्षांची. पेन्शन नाही. पस्तिशीत मुलगी घरी येणार, मग पुढं काय? आणि लग्नाचं? वडिलांची काळजी अगदीच फालतू नाहीये.

जुना_नाविक

फालतू न्हाईच. पेन्शन नसते हे खरं, ग्रॅच्युइटी मिळते. पण सब लेफ्टनंटचा मूळ पगार ५६,१०० पासून आणि त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००, भत्ते वेगळे, आणि दहा वर्षं जहाजाचं इंजिन सांभाळलेली बाई बाहेर रिकामी बसत न्हाई. काहींना पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, पण मिळतं, २०२० ला सुप्रीम कोर्टानं नेव्हीतल्या बायकांच्या बाजूनं निकाल दिला तेव्हापासून दार उघडं आहे. लग्नाचं म्हणाल तर माझ्या जहाजावरच्या साहेबांच्या बायका डॉक्टर, शिक्षिका होत्या, त्यांचे संसार झाले, तसाच हिचा पण होईल, नवरा समजूतदार बघायचा एवढंच.

सासूबाईंना प्रेरणा देवस्थळींचा फोटो दाखवा. लेफ्टनंट कमांडर, आपल्या मराठी, नेव्हीच्या युद्धनौकेची प्रमुख झालेली पयली बाई, आयएनएस त्रिंकट, २०२३ ला. आणि त्याच्या आधी २०१७-१८ ला सहा पोरी तारिणी नावाच्या शिडाच्या बोटीतून जगाला चक्कर मारून आल्या, २५४ दिवस. पोरीच्या जातीचं काय ते त्यांनी दाखवलंय.

उद्यमनगरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री दोनदा वाचलं. दोनदा कॉन्फरन्स आऊट दादा, तुमचं वाचून मला समजलं की आम्हीपण तेच केलं होतं, सासूबाईंनी ओटी भरताना देवळात ओळखीच्या दहा बायकांना सांगितलं होतं, आणि गेला आठवडाभर त्या बायका भेटतील म्हणून लेक महाद्वार रोडला जायचं टाळतीय, हे मला काल विचारल्यावर कळलं. मी आपली समजत होते ती नापास झाल्यामुळं गप्प आहे.

काल पहाटे उठून चहा ठेवला. काही विचारलं नाही. पळून आली, कट्ट्यावर बसली आणि आपणहून बोलायला लागली. चित्रात काय होतं, तिनं काय लिहिलं, ग्रुपमधे दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा दुसऱ्यानं तोडलं, तिसऱ्यांदा बोललेच नाही आई, म्हणाली. मग मिस्टर आले, ते दारातच उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले आमच्या शॉपमधे मशीन चालू असताना कसं बोलतात बघितलंयस का, ओरडून नाही बोलत, समोरच्याचा श्वास संपला की बोलतात. दोघं मग तासभर बोलत बसले, मी डबा भरला.

पुण्याची ऑफर ती घेतेय, फॉर्मपण भरतेय, यावर दोघांचं एकमत झालंय. सासूबाईंना फोटो दाखवला, त्या काही बोलल्या नाहीत पण फोन बराच वेळ हातात धरून बसल्या होत्या. अंबाई टँकला सोमवारी चौकशीला जातेय, आणि तिथूनच पुढं सैनिक कल्याणला. कागदपत्रं काय न्यावीत?

पॉइंटाचं_बोला

सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, सी सर्टिफिकेट, जुनं भोपाळचं कॉल लेटर, आधार, फोटो, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. मुलीला बरोबर न्या, तिला विचारतील. एनसीसी ग्रुप हेडक्वार्टरच्या शिफारशीचं आधी तिच्या युनिटच्या एएनओंना, म्हणजे कॉलेजातल्या एनसीसीच्या सरांना, विचारून ठेवा म्हणजे दोन खेपा होणार नाहीत.

आईचं_मन_कन्नूरला

पुढचं बोलावणं कुठलं आलं तेवढं कळवा ताई. देवळात नका सांगू, इथं सांगा.