४० पैकी २ टाक्या: कॉन्फिडन्स इंटरव्हल कुठला धरायचा?

कोथरूडच्या सोसायट्यांमध्ये डासांच्या अळ्यांचा सर्व्हे चाललाय, ४० टाक्यांपैकी २ मध्ये अळ्या सापडल्या. पायथनच्या स्टॅट्समॉडेल्स लायब्ररीमध्ये डिफॉल्टने ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरं प्रमाण ज्या पट्ट्यात असावं तो अंदाज) ० ते ११.८ टक्के येतोय आणि आर या सॉफ्टवेअरच्या बायनॉम.टेस्ट फंक्शनने ०.६ ते १६.९, रिपोर्टमध्ये कुठला टाकू? उद्या द्यायचाय.

उत्तर १:
पहिला अजिबात नको. तो वॉल्ड पद्धतीचा (सापडलेल्या प्रमाणाच्या दोन्ही बाजूंना सारखंच अंतर धरणारी), खालची बाजू खरं तर उणे १.८ येते, सॉफ्टवेअर ती शून्यावर कापतं. अरे २ टाक्यांत अळ्या डोळ्यांनी दिसल्यात, मग प्रमाण शून्य असूच कसं शकतं! एकही सापडली नसती तर वॉल्डने ० ते ० दिलं असतं, म्हणजे पुण्यात डासच नाहीत. विल्सन घे, १९२७ पासूनची पद्धत आहे, तुझ्या आकड्यांना १.४ ते १६.५ येईल.

उत्तर २:
दादा, बायनॉम.टेस्टचा क्लॉपर-पिअर्सन पण चुकीचा नाहीये हं, फक्त जरा जास्तच रुंद देतो, कव्हरेज (खरं प्रमाण पट्ट्यात सापडण्याची शक्यता) ९५ टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही म्हणून. आरोग्य खात्याला हमी हवी असेल तर तोच दे. आणि आरमध्ये प्रॉप.टेस्ट वापरलास तर करेक्ट = फॉल्स लिही, नाहीतर विल्सनवर कंटिन्युइटी करेक्शन (पट्टा अजून रुंद करणारी दुरुस्ती) लागून येतं. पद्धतीचं नाव टेबलखाली टाकच.

प्रश्नकर्ता:
विल्सन टाकतोय, नावासकट. आभार दोघांचे!